इंडियन ओशन: एका बँडची चार पर्वं

बँड वीस वर्षांहून जास्त टिकला की त्याच्या श्रोत्यांमध्ये तट पडतात. ‘खरा बँड तो, आता उरलंय ते नुसतं नाव’ असं म्हणणारे एका बाजूला आणि ‘आम्ही ऐकू लागलो तेव्हापासूनचाच बँड आमचा’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यांत हा वाद सर्वांत चिवट. त्याचं कारण त्या संगीतातच आहे. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी दहा-वीस मिनिटांची रचना, त्यात निरनिराळे खंड, बदलत जाणारी लय, प्रत्येक वादकाला मोकळी जागा असा तो बाज असतो. अशा संगीतात एक वादक बदलला तरी रचनेचा पोत बदलतो आणि जाणत्या कानाला तो बदल पहिल्याच मिनिटात कळतो.

पश्चिमेकडच्या मोठ्या बँडनी या बदलाला तीन तऱ्हांनी तोंड दिलं. पिंक फ्लॉइडमधून 1968 मध्ये सिड बॅरेट गेला, रॉजर वॉटर्सच्या हाती सूत्रं आली, 1973 मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला. 1985 मध्ये वॉटर्सही बाहेर पडला आणि बँडच्या नावावर हक्क कुणाचा, यावर वकिलांपर्यंत भांडण गेलं. जेनेसिसमध्ये 1975 साली गायक पीटर गॅब्रिएल निघून गेल्यावर मागे ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला. पुढे संगीत सुटसुटीत होत गेलं आणि श्रोते कैक पटींनी वाढले. किंग क्रिमसनची तऱ्हा तिसरी. 1969 पासून एकटा रॉबर्ट फ्रिप कायम राहिला. तो बँड मोडायचा, काही वर्षांनी नव्या माणसांसह पुन्हा उभा करायचा. थोडक्यात, एकीकडे नावाचा तंटा, दुसरीकडे लोकप्रियतेची वाट आणि तिसरीकडे एकाच माणसाची सत्ता.

आपल्याकडे मुंबईच्या रॉक मशीनने वेगळाच मार्ग धरला. 1984 मध्ये सुरू झालेल्या या बँडने 1993 मध्ये नावच बदललं आणि तो इंडस क्रीड झाला. महेश तिनईकरची गिटार, उदय बेनेगलचा आवाज आणि झुबिन बालापोरियाचे कीबोर्ड हा त्याचा कणा. 1997 मध्ये बँड थांबला, 2010 मध्ये परत आला आणि 2012 च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये त्याच्या रचना लांबल्या, गुंतागुंतीच्या झाल्या, प्रोग्रेसिव्हच्या जवळ गेल्या. पण मधली तेरा वर्षं कोरी राहिली. न थांबता चालत राहिलेला आणि माणसं बदलूनही अंगचा गुण न गमावलेला बँड शोधायचा, तर दिल्लीच्या इंडियन ओशनकडेच जावं लागतं. त्याला कुणी फ्युजन म्हणतं, कुणी लोकरॉक. पण रचनांची लांबी, शब्दांविना चाललेले दीर्घ खंड आणि हळूहळू चढत जाणारी बांधणी पाहिली, तर भारतीय भूमीवर उगवलेलं प्रोग्रेसिव्ह संगीत म्हणून याच बँडकडे बोट दाखवता येतं.

पहिलं पर्व: शोधाची वर्षं

सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांची गाठ 1984 मध्ये पडली. एकाच्या हातात गिटार, दुसऱ्याच्या हाताखाली तबला. दोघांनाही रॉक ठाऊक होतं, पण त्याची नक्कल करायची नव्हती. 1990 मध्ये इंडियन ओशन हे नाव ठरलं. पुढच्या वर्षी राहुल राम बेस गिटार घेऊन आला. 1992 मध्ये कोलकात्याला एचएमव्हीसाठी पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि 1993 मध्ये तो बाजारात आला. 1994 मध्ये अमित किलम ड्रमवर आला आणि पुढची पंधरा वर्षं टिकलेली चौकडी पुरी झाली.

या चौकडीची खासियत तिच्या मांडणीत होती. अशीम तबला वाजवतावाजवताच गायचा. तबलजी आणि गायक एकच असला की ताल आणि शब्द यांचा श्वासही एकच होतो. सुस्मितची गिटार रॉकमधल्यासारखी किंचाळत नसे. मोकळ्या तारांचा नाद तंबोऱ्यासारखा मागे धरून ती एकेक स्वर पुढे ठेवायची. अमित ड्रमबरोबर गबगुबीही वाजवायचा, म्हणजे बंगालच्या बाउल गायकांच्या हातात असणारं ते तंतुवाद्य. राहुलचा बेस या सगळ्यांना जमिनीशी बांधून ठेवायचा.

दुसरं पर्व: बहर

1 जानेवारी 1997 रोजी दिल्लीत पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी ‘सहमत’ या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात हा बँड वाजला. त्याच ध्वनिमुद्रणाचा ‘डेझर्ट रेन’ झाला. मोठ्या कंपन्यांना शब्दांची गाणी हवी असण्याच्या काळात हा अल्बम मुख्यतः वाद्यांच्या जोरावर उभा राहिला. ‘मेलँकॉलिक एक्स्टसी’ किंवा ‘बोल वीव्हिल’ आज ऐकताना जाणवतं, की चौघेही एकमेकांकडे कान लावून वाजवताहेत. कुणी पुढे गेलं की बाकीचे जागा करून देतात, मग तोच मागे सरतो.

2000 मध्ये ‘कंदिसा’ आला. सातच गाणी, पण त्यांचा पल्ला पाहा. ‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्रार्थना. ‘हिल्ले ले’ कवी गोरख पांडेंचं भोजपुरी गीत. आणि ‘माँ रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं.

‘माँ रेवा’ मराठी वाचकाने जरा थांबून ऐकावं असं आहे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केलेला राहुल राम नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाओ आंदोलनात होता. हे आंदोलन आपल्यालाही परकं नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे पहिलं गाव गेलं ते मणिबेली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांनी तो लढा अंगावर घेतला. त्या खोऱ्यातलं नदीचं स्तवन हा बँड गातो, तेव्हा त्यात घोषणा नाही, आक्रोश नाही. नदीला आई म्हणणाऱ्याचा साधा ताठा आहे. खाली बेस एकसारखा वाहत राहतो आणि वर आवाज हलकेच चढत जातात. राजकारण गाण्यात कसं मुरवावं, याचा इतका स्वच्छ नमुना आपल्या रॉकमध्ये मला दुसरा सापडत नाही.

2003 च्या ‘झीनी’त बँड कबीराकडे वळला. त्यापाठोपाठ अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत आलं. 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयाच्या स्थगितीमुळे अडकून पडला आणि 2007 मध्ये पडद्यावर आला. तोवर पीयूष मिश्रांच्या शब्दांतलं ‘बंदे’ लोकांच्या तोंडी बसलं होतं. मुंबईच्या जखमेवरचं हे गाणं दिल्लीच्या बँडने केलं, तरी ते मुंबईकरांनी आपलं मानलं. इथे बँडला पहिल्यांदा अफाट श्रोता मिळाला. जेनेसिसच्या वाटेने जायची संधी होती, ‘बंदे’सारखी गाणी काढत राहणं सोपं होतं. बँडने तसं केलं नाही, आणि माझ्या लेखी हा त्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय आहे.

तिसरं पर्व: पोकळी

25 डिसेंबर 2009 रोजी अशीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेला. वय अवघं 52. 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ आला, तेव्हा त्यात त्याचाच आवाज होता. ध्वनिमुद्रण आधीच झालं होतं. हे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतल्या जुन्या बंगल्याचा पत्ता. बँडचा रियाझ तिथेच चाले, बहुतेक रचना तिथेच जन्मल्या. हा अल्बम बँडने विकला नाही. दर महिन्याला एकेक गाणं इंटरनेटवर फुकट खुलं केलं. कंपन्यांच्या तोंडाकडे पाहत बसण्यापेक्षा थेट श्रोत्याच्या हाती गाणं द्यायचं, असा तो विचार होता.

अशीमच्या जागी एक माणूस आला नाही, दोन आले. तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आणि हिमांशू जोशी गायनाला. एकाच देहात एकवटलेलं काम दोघांत वाटलं गेलं. काही श्रोत्यांना हे कधीच पटलं नाही. त्यांचं दुःख खोटं नाही. गाणारा हात आणि वाजवणारा गळा अशी ती जी गाठ होती, ती परत बांधता येणारी नव्हती. पण अशीमसारखाच कुणी शोधून त्याला अशीमच्या जागी बसवणं, हा त्याच्या आठवणीचाही अपमान झाला असता. बँडने ते टाळलं.

2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडला. ज्या दोघांच्या भेटीतून सगळं सुरू झालं, त्यांपैकी आता कुणीच उरलं नव्हतं. किंग क्रिमसनमधून फ्रिप वजा केला तर काहीच उरत नाही. इंडियन ओशनमधून दोन्ही संस्थापक वजा झाले आणि तरी बँड उभा राहिला. हे कसं झालं, हाच या लेखाचा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मला बगरूत सापडतं, जिथे माझं काम मला घेऊन येतं. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवरचं हे छपाईचं गाव. इथले छिपा कारागीर एका नक्षीसाठी वेगवेगळे लाकडी ठसे वापरतात. बाहेरची रेषा उमटवणारा ठसा म्हणजे रेख, जमीन भरणारा गद आणि आतले आकार भरणारा दत्ता. लोखंडाचं भंगार आणि गूळ कुजवून केलेला काळा, तुरटीच्या जोरावर चढणारा लाल, असा प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. ठसे झिजतात, फुटतात, नवे कोरावे लागतात. नवा ठसा जुन्या खुणेवर नेमका बसला नाही, की रेषा एकीकडे आणि रंग दुसरीकडे जातो. तो बसतो, कारण नक्षी कुठल्याही एका ठशात पूर्ण नसते. ती ठशांमधल्या अंतरात ठरलेली असते.

इंडियन ओशनचंही असंच आहे. सुस्मितची गिटार ही रेख होती, यात शंका नाही. पण रचना कधी त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. खजूर रोडवर चौघे बसायचे, कुणीतरी एक तुकडा वाजवायचा, बाकीचे त्यात शिरायचे, काही महिन्यांनी त्याचं गाणं व्हायचं. श्रेय सगळ्यांचं. मालक नसलेल्या या पद्धतीमुळे नावावरून भांडणही झालं नाही आणि एक माणूस गेल्यावर बाकीचे पोरकेही झाले नाहीत. राहुल आणि अमितच्या हातात ती पद्धत होती आणि नव्यांना त्यांनी तीच दिली.

चौथं पर्व: मोकळीक

निखिल रावने सुस्मितची जागा घेतली, पण त्याची शैली घेतली नाही. त्याची गिटार इलेक्ट्रिक आहे, तिची धार वेगळी आहे, ती रॉककडे आणि जॅझकडे मोकळेपणाने जाते. 2014 चा ‘तंदानू’ या पर्वाचा पहिला दस्तऐवज. त्यात शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विशाल ददलानी, कर्ष काळे आणि जयपूरचे मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट अशी पाहुण्यांची मांदियाळी आहे. जुन्या चौकडीचं वाजवणं इतकं घट्ट विणलेलं होतं, की पाचव्याला शिरायला फट नसायची. नव्या बँडने दार उघडं ठेवलं. ही उणीव भरून काढण्याची युक्ती नव्हे, हे नवं बळ आहे.

2015 च्या ‘मसान’मधून ते अधिक दिसलं. वरुण ग्रोव्हरच्या शब्दांना या बँडने दिलेल्या चाली चित्रपटाच्या कथेत विरघळून जातात, तरी त्यांची लय ओळखू येते. मग बरीच वर्षं अल्बम आला नाही, कार्यक्रम मात्र सुरू राहिले. 2023 मध्ये ‘तू है’ आला. ‘जादू माया’सारख्या गाण्यांत राहुलचा आवाज आता अधिक खरखरीत, अधिक भारदस्त वाटतो आणि हिमांशूचा स्वर त्याच्यावर उजेडासारखा पसरतो. तुहीनचा तबला आणि अमितचे ड्रम यांचा संवाद इतका सराईत झाला आहे, की दोन ताल ऐकतोय असं वाटतच नाही.

तुलना करायचीच तर

शिखर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आडवळण न घेता ‘डेझर्ट रेन’ ते ‘झीनी’ असं उत्तर देईन. 1997 ते 2003 या काळातली एकाग्रता या बँडला पुन्हा साधली नाही आणि दुसऱ्या कुठल्या भारतीय बँडलाही साधल्याचं मला माहीत नाही. अशीमच्या गळ्यातली आर्तता आणि सुस्मितच्या बोटांतला संयम यांना पर्याय नाही. पण नंतरच्या पर्वांना उतरण म्हणणं मला मान्य नाही. पहिल्या चौघांचं संगीत आत वळलेलं होतं, आजच्या पाच जणांचं बाहेर उघडणारं आहे. जुन्यात खोली जास्त, नव्यात विस्तार जास्त.

मराठी श्रोत्याला हे समजायला जड जाऊ नये. नाट्यसंगीतात तेच पद निरनिराळ्या पिढ्यांच्या गायकांनी आपापल्या अंगाने गायलं आणि आपण त्या सगळ्यांना दाद दिली. घराण्यात गुरू गेल्यावर शिष्याने गुरूसारखंच गावं, अशी अपेक्षा जाणकार धरत नाहीत. बंदिश तीच ठेवून शिष्याने स्वतःचं काही शोधावं, हीच त्यांची अपेक्षा असते. ही मोकळीक आपण बँडला देत नाही, कारण बँड म्हणजे चार ठरावीक चेहरे, ही समजूत बाहेरून आली आणि आपण ती तपासून पाहिली नाही. इंडियन ओशनने ती आपल्या वागण्यातून खोडून काढली.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘बंदे’पासून सुरुवात करू नये, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतंच. ‘डेझर्ट रेन’ एका बैठकीत ऐकावा, मग ‘कंदिसा’ सातही गाण्यांसह, क्रम न मोडता. त्यानंतर ‘16/330 खजूर रोड’ आणि अशीमचा आवाज कानात असतानाच ‘तंदानू’. आधी परकं वाटेल. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना नव्या गिटारखाली राहुलचा तोच बेस सापडेल आणि मग ‘तू है’ ऐकताना तुलना करायची आठवणही राहणार नाही. एवढं झाल्यावर हा बँड जवळच्या गावात आला, तर तिकीट काढून जरूर जावं. कारण हे संगीत अजून घडतं आहे, आणि ते घडत राहण्यासाठी बँडला जुनी गाणी मागणाऱ्यांइतकीच नवी गाणी कान देऊन ऐकणाऱ्यांचीही गरज आहे.