उभ्या गाडीचा हिशेब

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. माल किती दिवस पडून आहे, उधारी कधी वसूल होणार, गोदामाचे भाडे विक्रीच्या मानाने जड जाते का, हे प्रश्न तो ऐकतच मोठा होतो. मात्र हेच प्रश्न दारातील मोटारीला सहसा कोणी विचारत नाही. पेट्रोल भरले म्हणजे गाडीचा खर्च झाला, अशी आपली समजूत असते. बँकेत वाहनकर्जासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्नही बहुधा ‘हप्ता किती बसेल?’ हाच असे. हप्ता परवडणे आणि गाडी परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उदाहरणादाखल एक हिशेब

समजा, 10 लाख रुपयांची गाडी घेतली आणि 8 वर्षे वापरून अडीच लाखांना विकली. म्हणजे दरवर्षी 93,750 रुपये घसारा झाला. गाडीत सरासरी सव्वासहा लाख रुपये अडकून राहिले. त्यांवर 7 टक्क्यांनी वर्षाचे 43,750 रुपये व्याज बुडाले. विम्याचे 25,000, दुरुस्ती व टायरचे 25,000, पार्किंग, धुलाई आणि किरकोळ खर्चाचे 12,500 धरले, तर बेरीज बरोबर 2 लाख होते. गाडी जागची हलली नाही तरी हा खर्च होतोच.

आता वर्षाला 7,500 किलोमीटर वापर, लिटरला 15 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये लिटर धरू. इंधनाचे 52,500 रुपये होतात. एकूण खर्च 2,52,500. म्हणजे किलोमीटरला सुमारे 34 रुपये. त्यांत पेट्रोल फक्त 7 रुपयांचे! पुण्यात सप्टेंबर 2022 मध्ये ठरलेला रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये आहे. तरीही रिक्षाला 80 रुपये देताना जीव खालीवर होतो, कारण ते हातातून जाताना दिसतात. गाडीचे 27 रुपये दिसत नाहीत.

येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घरात गाडी ठेवून रिक्षाने गेलो, तर वाचतात ते केवळ पेट्रोलचे पैसे. उभा खर्च चालूच राहतो. म्हणून खरी बचत रोजच्या लहानसहान काटकसरीत नाही. ती ‘दुसरी गाडी घ्यावी का?’ आणि ‘आहे ती ठेवावी का?’ या एका निर्णयात आहे. आजोबांचे गुडघे, अपरात्रीचे दुखणे, लग्नकार्य यांसाठी एक गाडी घरात असणे समजण्यासारखे आहे. प्रश्न दुसरीचा आहे.

‘पेढीच्या नावावर आहे’

यावर ठरलेले उत्तर असते, ‘गाडी पेढीच्या नावावर आहे, करात सूट मिळते.’ सूट मिळते; गाडी फुकट मिळत नाही. भागीदारी पेढीला 30 टक्के आयकर व त्यावर उपकर पडतो. 1 लाख रुपयांचा खर्च मान्य झाला, तर कर साधारण 31 हजारांनी कमी होतो. उरलेले 69 हजार आपल्याच गल्ल्यातून जातात. शिवाय घरगुती वापराचा हिस्सा व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही. 13 पर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. अशा गाडीच्या विम्यावरील आणि दुरुस्तीवरील जीएसटीचीही नाही. मालवाहू टेम्पोचा नियम वेगळा आहे, आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच.

गाडी कोणाकडे असावी?

अनेक घरांत पहिली गाडी सकाळी 10 वाजता दुकानाकडे जाते आणि रात्री 8 पर्यंत तेथेच उभी असते. दिवसभर मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, बाजारहाट सांभाळणारी सून मात्र रिक्षा शोधत असते. मग तिच्यासाठी दुसऱ्या गाडीचा विषय निघतो. खर्च कमी करायचा म्हटले की प्रथम घरातील स्त्रियांच्या फिरण्यावर कात्री चालते, हे न्याय्य नाही. पहिली गाडी घरी ठेवावी आणि दुकानदाराने दुसऱ्या साधनाने जावे. दुसऱ्या गाडीची गरज पुष्कळ ठिकाणी तेथेच संपेल.

हे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. पुण्यात 29 सप्टेंबर 2024 रोजी मेट्रोचा स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला. पिंपरी-चिंचवडहून निघालेला व्यापारी आता गाडी न बदलता थेट मंडईत उतरतो. पेठांतील ज्या गल्ल्यांत मोटार लावायला जागा शोधावी लागते, तेथे पायी गेलेला माणूस दुकान आधी उघडतो.

वसुलीसाठी किंवा नातेवाइकांकडे परगावी जाताना एसटीचाही विचार व्हावा. राज्यात 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, 75 वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023 पासून महिलांनाही निम्मेच भाडे पडते. सासू-सुना मिळून पुण्याहून कोल्हापूरला जाणार असतील, तर एक गाडी आणि एक चालक यांचा खर्च कशासाठी?

सुरुवात कशी करावी

दोन गाड्या असलेल्या घराने एका वहीत महिनाभर चार रकाने भरावेत: तारीख, कोण, कोठे, किती किलोमीटर. दोन्ही गाड्या एकाच वेळी खरोखर किती दिवस लागल्या, ते महिनाअखेर मोजावे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गाडीची किल्ली कपाटात ठेवावी आणि 8,000 रुपये ‘प्रवास खाते’ म्हणून वेगळे काढावेत. रिक्षा, मेट्रो, बस आणि गरज पडल्यास भाड्याची मोटार, सर्व त्यातूनच भागवावे. रक्कम आधीच बाजूला काढलेली असली, की सुनेला 100 रुपयांच्या रिक्षासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

वरच्या उदाहरणातील गाडीचा महिन्याचा खर्च सुमारे 21,000 रुपये येतो. 8,000 पुरले, तर 13,000 शिल्लक राहतात. 15,000 लागले तरी 6,000 उरतात. आणि वहीच सांगू लागली, की दुसरी गाडी रोज लागते, तर ती निःसंकोच ठेवावी. तो खर्च निदान डोळसपणे केलेला असेल. दिवाळीला नवी वही उघडण्यापूर्वी एवढे एक पान घरच्या गाडीसाठी अवश्य लिहून पाहावे.