भागीदारीत होमस्टे सुरू करताय? आधी सोडवा मुरुडचं हे गणित

‘दोन मित्रांनी भागीदारीत मुरुडला चार खोल्यांचा होमस्टे सुरू केला. तो नफ्यात आहे का? महिन्याला किती बुकिंग मिळाली की खर्च निघेल?’

सल्लागार कंपन्यांच्या केस इंटरव्ह्यूमध्ये साधारण असाच प्रश्न येतो. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही, आकडे मांडून विचार करावा लागतो. हेच गणित कोकणात खरोखर धंदा टाकणाऱ्यांनाही लागतं. म्हणून एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

आधी खर्चाचे दोन भाग करा

पाहुणे येवोत न येवोत, काही खर्च ठरलेलाच असतो. जागेचं भाडं 40,000 रुपये, दोन कामगारांचा पगार 30,000, इंटरनेट आणि किरकोळ दुरुस्ती 5,000. म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च 75,000 रुपये.

दुसरा खर्च पाहुणा आला तरच होतो. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं 2,500 रुपये धरू. त्यातून चहा-नाश्त्याला 300, चादरी धुणं आणि साफसफाईला 200, विजेला 125 आणि बुकिंग अ‍ॅपचं 15 टक्के कमिशन म्हणून 375 रुपये जातात. एकूण गेले 1,000, हातात उरले 1,500.

मग ब्रेकईव्हन कुठे?

ब्रेकईव्हन म्हणजे ना नफा ना तोटा अशी पातळी. 75,000 भागिले 1,500, उत्तर 50. महिन्यात 50 खोल्या-रात्री भरल्या की खर्च निघतो. चार खोल्या आणि तीस दिवस म्हणजे एकूण 120. त्यातल्या 50 म्हणजे जेमतेम 42 टक्के. सोपं वाटतं ना?

पण मुंबई-पुण्याचे पर्यटक प्रामुख्याने शनिवार-रविवार धरून येतात. महिन्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या आठ रात्री चारही खोल्या भरल्या, तरी 32 च होतात. उरलेल्या 18 आठवड्याच्या मधल्या दिवसांतून आणाव्या लागतात.

भाडं कमी केलं तर?

भाडं 2,000 केलं तर कमिशन 300 होतं, बाकी खर्च तेवढाच. हातात उरतात 1,075 रुपये. आता खर्च निघायला 50 ऐवजी 70 बुकिंग लागतात. सूट 20 टक्क्यांची, पण गिऱ्हाईक 40 टक्के जास्त हवं. म्हणून सरसकट भाव पाडण्यापेक्षा फक्त रिकाम्या राहणाऱ्या मंगळवार-बुधवारी सूट देणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात काय होतं?

राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. समुद्रही खवळलेला. त्यामुळे एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधणं ही केसमधली नेहमीची चूक.

समजा, ऑक्टोबर ते मे दरमहा 80 बुकिंग मिळाली. दर महिन्याला 45,000 नफा, आठ महिन्यांत 3,60,000. जून ते सप्टेंबर दरमहा फक्त 20 मिळाली, तर महिन्याला 45,000 तोटा, चार महिन्यांत 1,80,000. वर्षाअखेर शिल्लक 1,80,000 रुपये.

मग पावसाळ्यात कुलूपच लावावं का? नाही. भाडं आणि पगार चालूच राहणार असतील, तर बंद ठेवल्यास तोटा 75,000 होईल. 20 बुकिंगनी तो 45,000 वर येतो.

खरा प्रश्न: हा नफा कुणाचा?

आता भागीदारांकडे बघू. मुंबईतल्या मित्राने 6 लाख घातले. मुरुडमधल्या मित्राने 2 लाख घातले, पण पाहुण्यांना घेणं, बाजार, हिशोब हे सगळं रोज तोच बघतो. करार तोंडी.

भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 13 नुसार वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नफा-तोटा समान वाटला जातो. भांडवल कमी-जास्त असलं तरी. काम करणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा पगार मागता येत नाही आणि भांडवलावर व्याजही मिळत नाही. म्हणजे दोघांना 90,000 प्रत्येकी. एकाला वाटतं, ‘पैसे माझे जास्त.’ दुसऱ्याला वाटतं, ‘राबतो मी.’ कुरबुर इथेच सुरू होते.

आता त्याच कामासाठी 15,000 रुपयांवर व्यवस्थापक ठेवला असता तर? वर्षाचे 1,80,000. म्हणजे अख्खा नफा! स्थिर खर्च महिन्याला 90,000 होतो आणि ब्रेकईव्हन 60 वर जातो, वर्षाला 720. होमस्टेला वर्षभरात मिळालेली बुकिंगही नेमकी 720 च. ज्याला दोघे नफा समजत होते, ती एकाची न दिलेली मजुरी होती.

त्यात 8 लाखांचं फर्निचर आणि एसी आठ वर्षांत बदलावे लागतील असं धरलं, तर वर्षाला आणखी 1 लाख बाजूला काढायला हवेत. मग धंदा चक्क तोट्यात आहे.

करारात काय लिहून घ्यावं?

काम करणाऱ्याचा पगार, भांडवलावरचं व्याज, नफ्या-तोट्याचं प्रमाण आणि बाहेर पडताना हिशोब कसा करायचा, या चार गोष्टी लेखी हव्यात. साध्या भागीदारीत फर्मच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, हेही विसरू नका. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर करारातले हक्क कोर्टात बजावणं अवघड होतं.

केस इंटरव्ह्यूत 50 हे उत्तर देणारा पास होईल. मात्र ‘भागीदाराचा पगार धरलाय का?’ असं विचारणारा जास्त गुण मिळवेल. प्रत्यक्ष धंद्यात हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, तर धंदाही टिकतो आणि मैत्रीही.