पोर्टल उघडण्याआधीची परीक्षा

सडक अर्जुनी तालुक्यातल्या कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो. भोवतीची शेती धानाची. हमीभावाने धान विकायचा तर सातबारा दाखवून पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, ०.०५ म्हणजे पाच आर आणि ०.५ म्हणजे पन्नास. प्रोग्रामने यात घोळ केला, तर खरेदी केंद्रावर भांडत बसतो तो शेतकरी. कोड लिहिणारा तिथे नसतोच. म्हणून माझे म्हणणे असे की, प्रोग्राम तपासणारी स्वयंचलित चाचणी नोकरी लागल्यावर शिकण्याची गोष्ट नाही, ती पहिल्या प्रोग्रामबरोबरच शिकवली पाहिजे.

महाराष्ट्रातली २०१७ ची शेतकरी कर्जमाफी आठवा. ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार कोटी रुपये, अशी तिची घोषणा होती. १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगेच याद्यांतले घोळ बाहेर आले. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसतात, अशी बँकांची तक्रार होती. चूक कोडची नव्हे, भरलेल्या माहितीची, असा बचाव यावर करता येईल. पण चुकीची माहिती येणारच, हे गृहीत धरूनच चाचणी लिहायची असते. आधारचा बारावा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला तर तो पकडता येतो. खरा क्रमांक दहा जणांपुढे चिकटवला गेला, तर मात्र ही पडताळणी गप्प बसते. त्यासाठी ‘एक क्रमांक, दोन खातेदार’ अशी खोटी यादी मुद्दाम देऊन प्रोग्राम ती नाकारतो का, हे बघणारी वेगळी चाचणी लागते. ती पाच-सात ओळींची असते.

अशा चाचण्या एकदा लिहिल्या की कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालवता येतात. त्याआधी लिंटर ढिसाळ ओळी दाखवतो, नंतर सहकारी कोड वाचतो, आणि हे सगळे पार पडल्यावरच बदल कोडच्या मुख्य शाखेत जातो. यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पण लाखो अर्ज पुन्हा तपासण्यात जाणारा वेळ कुणी मोजत नाही. चाचण्या पास झाल्या म्हणजे प्रोग्राम निर्दोष ठरत नाही, हेही खरेच. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी अर्ध्या शतकापूर्वीच ते सांगून ठेवले आहे. आता एआय कोड लिहिते आणि चाचण्याही. कोडवरूनच चाचणी बेतली, तर कोडमधली चूकच बरोबर ठरण्याचा धोका असतो. पाच आर म्हणजे किती, हे सातबारा वाचता येणाऱ्यानेच ठरवावे लागते, आणि त्या बाबतीत कोहमाऱ्याची मुले पुण्याच्या आयटी पार्कपेक्षा पुढे आहेत. शिवाय पायटेस्टसारखी चाचणीची मोफत साधने एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी एवढे करावे: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला गुण देताना पडद्यावरचे प्रात्यक्षिक पाहण्याआधी चाचण्या मागाव्यात, आणि नसतील तर प्रकल्प परत पाठवावा.