घाटात दम सोडणारी गाडी आणि कारागिराची पारख

पोफळी हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयनेच्या वीजगृहामुळे त्याचे नाव सर्वदूर झाले. पण गुहागर-विजापूर रस्त्यावरच्या मोटारवाल्यांना ते निराळ्या कारणाने आठवते. चिपळूणपासून निमूट आलेली जुनी गाडी येथून चढण लागताच धापा टाकू लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर झटके देते, आणि मालक गाडी वळवून गॅरेज शोधतो.

आपले पुष्कळ बांधव गॅरेजच्या धंद्यात आहेत. जुन्या उस्तादांचा हात कार्बोरेटरवर बसलेला. १९९८ साली सँट्रो एमपीएफआय घेऊनच आली, आणि २००० च्या प्रदूषण नियमांनंतर मारुती ८०० चा कार्बोरेटरही गेला. त्या काळच्या व त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्या आजही गावोगाव धावताना दिसतात. बिघाड त्यांच्यात आहेच, पण त्याहून मोठा घोटाळा निदानात होतो. गाडी अडली की पंप बदल, तरी अडली की इंजेक्टर बदल, मग सेन्सर. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनवर असे, दाब अगदी थोडा. इथे विजेचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि तो सुमारे तीन किलो दाबाने पेट्रोल फिल्टरमधून इंजेक्टरांपर्यंत ढकलतो. सपाटीला इंजिन पेट्रोल कमी मागते, म्हणून थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टरही वेळ निभावून नेतो. चढणीला मागणी वाढते आणि दाब कोसळतो. म्हणून गॅरेजात उभ्या गाडीवर गेज लावून ‘प्रेशर ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर बाहेरून टेपने पक्का करावा आणि गाडी घाटात चढवावी. काटा खाली आला तर दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. काटा स्थिर राहून गाडी अडली, तर प्लग, कॉइल, वायर किंवा तुंबलेला सायलेन्सर पाहावा. गेज केबिनमध्ये मात्र कधीही आणू नये. नळी सुटली तर माणूस जळेल.

दाब कमी मिळाला म्हणजे पंप गेला, असेही नव्हे. आधी पंपाच्या सॉकेटवर, पंप चालू असताना, व्होल्ट मोजावे. बॅटरीवर पावणेचौदा आणि सॉकेटवर अकरा असतील तर पंपाचा गुन्हा काय? कोकणच्या पावसात अर्थिंगचा बोल्ट गंजतो, रिलेचे पॉइंट काळे पडतात. वीस रुपयांच्या सँडपेपरचे काम असते ते. वीज पुरेशी असेल तर फिल्टर काढून आत येणाऱ्या बाजूने पांढऱ्या भांड्यात उलटा करावा. काळे किंवा गंजके पेट्रोल निघाले की टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नये. तोही त्याच वाटेने जाईल. रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी. तीत ओले पेट्रोल दिसले की आतला पडदा फाटला.

गरम इंजिन बंद करून पुन्हा लवकर चालू होत नसेल, तर बंद केल्यावर दाब किती वेळ टिकतो ते पाहावे. भराभर उतरत असेल तर पंपातला व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. इंजेक्टर गळत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग ओला सापडतो.

स्कॅनरचा भरवसा बेताचाच. तो मिश्रण पातळ असल्याचे सांगेल, पण फिल्टर तुंबल्याचे सांगणार नाही. त्याचे ऐकून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे आम्ही पाहिले आहेत.

आता इथेनॉलचा नवा प्रश्न आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे पंपाच्या तोंडाशीच बसतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. तशी जुनी गाडी विकत घेताना टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. पाण्याचा थर डोळ्यांनी दिसतो.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरी सोडवावी. विडी-सिगारेट दूर, वाळूची बादली जवळ.

धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य उघड करणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण जाणतो. न लागणारा पार्ट घालून पैसे घेणे त्याच जातीचे आहे, मग तो अज्ञानाने घातला तरी गिऱ्हाइकाचे नुकसान तेवढेच. तपासणीची मजुरी मात्र बेधडक मागावी. तासभर गेज लावून घाट चढणे हे कष्टाचे काम आहे. जुना पार्ट मालकाच्या हाती द्यावा आणि बिलावर दोन आकडे लिहावेत: उभ्या गाडीचा दाब आणि चढणीचा. पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्या कारागिराकडे गेली, तरी त्याला तेथून सुरुवात करता येते.