दोन पद्धती, एक मंच

भीमसेन जोशी (१९२२–२०११) व एम. बालमुरलीकृष्ण (१९३०–२०१६) या दोन बुजुर्गांच्या जुगलबंदीत समान भूमी शोधणे अवघड नव्हते. मालकंस आणि कर्नाटक पद्धतीतील हिंदोलम् यांचे पाचही स्वर एकच आहेत. अडचण येते ती उच्चाराची. किराणा घराण्याची आलापी मध्यमावर विसावत, मींड घेत संथपणे पुढे सरकते. त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील गायकाचा तोच स्वर गमकाने आंदोलित होतो. सगोत्र भाषांत शब्द एक असून अर्थच्छटा निराळी असावी, तसेच हे. शिवाय कृतीतील साहित्याला जे स्थान आहे, ते ख्यालाच्या बंदिशीला क्वचितच लाभते. सरगम मात्र दोघांनाही सुगम. म्हणून अशा मैफलींत संवाद बहुधा तेथेच रंगतो आणि शब्द मागे पडतात. साहित्याच्या अभ्यासकाला ही हानी जाणवल्यावाचून राहत नाही.