जशास तसे आयातशुल्क : शेतकऱ्याच्या पदरात काय पडते?

अमेरिकेने आपल्या मालावर शुल्क वाढवले, तर आपणही त्यांच्या मालावर वाढवावे, यात विचार कसला करायचा? पीक मार्गदर्शनाच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. बांध कोरणारा शेजारी गप्प बसून सरळ होत नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण देशादेशांच्या भांडणात बांध एकाचा कोरला जातो आणि भरपाई तिसऱ्याच्याच वावरातून निघते. आपल्या देशाने हा प्रयोग २०१९ साली करून पाहिला आहे. त्याचा हिशेब आता मांडता येतो.

भांडण सुरू झालं ते पोलादावरून. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जादा शुल्क बसवले. भारताने वर्षभर बोलणी चालू ठेवली. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाला मिळणारी शुल्कसवलतही काढून घेतली, तेव्हा १६ जूनपासून आपण त्यांच्या २८ वस्तूंवर जादा शुल्क लागू केले. यादीत ठळक नावे कोणती, तर सफरचंद, अक्रोड, बदाम, मसूर आणि हरभरा. म्हणजे भांडण कारखान्याचं अन् मार बागायतदाराला. त्यामागे गणित होते. वॉशिंग्टन राज्यातला सफरचंदवाला आणि कॅलिफोर्नियातला बदामवाला ओरडू लागला की तिथल्या लोकप्रतिनिधींना ऐकावेच लागते.

सफरचंदावर आधीच ५० टक्के शुल्क होते, त्यात अमेरिकेपुरते २० टक्के वाढले. परिणाम जबर झाला. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतून १,२७,९०८ टन सफरचंद आले होते. २०२२-२३ मध्ये आले फक्त ४,४८६ टन. घाव बरोबर बसला म्हणायचा.

पण मग ती जागा हिमाचल आणि काश्मीरच्या बागायतदाराला मिळाली का? इथेच खरी गोम आहे. अमेरिका सोडून बाकीच्या देशांतून येणारे सफरचंद याच काळात १६ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर गेले. तुर्कस्तान, इराण, इटली, चिली, न्यूझीलंड यांनी बाजार भरून काढला. इराणच्या स्वस्त मालाने आपलेच बागायतदार मेटाकुटीला आले, आणि शेवटी मे २०२३ मध्ये किलोला ५० रुपयांपेक्षा कमी किमतीचे सफरचंद आणण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. एका दारातला माल अडवला, तो दुसऱ्या दाराने आत आला.

बदामाचे उलट झाले. जगातला बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतो. दुसरे दुकानच नाही म्हटल्यावर खरेदी तिथूनच चालू राहिली आणि वाढीव शुल्काचा बोजा आपल्याच गिऱ्हाइकाकडे वळला. हरभऱ्याचे म्हणाल, तर २०१८ पासूनच सगळ्या देशांच्या मालावर ६० टक्के शुल्क होते आणि बाहेरचा हरभरा यायचा तो मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. अमेरिकेपुरते १० टक्के वाढवून लातूर-अकोल्याच्या बाजारात पानही हललं नाही. मसुरीवरचे शुल्क तर डाळी महागल्यावर २०२१ साली आपणच कमी केले, अमेरिकेच्या मसुरीचेही.

अखेर जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद मिटवायचे ठरवले आणि सप्टेंबरमध्ये आपण हे जादा शुल्क उठवले. बदल्यात अमेरिकेने पोलादाचे शुल्क काढले नाही, भारतीय मालाच्या सवलतीच्या अर्जांना वाट मोकळी करून दिली. म्हणजे सौद्याला बसताना हातात काहीतरी होते, एवढा उपयोग झाला. तो नाकारू नये.

चीनने हेच हत्यार सोयाबीनवर चालवले. ६ जुलै २०१८ पासून अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क. आदल्या वर्षी चीनने सुमारे १२ अब्ज डॉलरचे सोयाबीन अमेरिकेकडून घेतले होते, २०१८ मध्ये ते ३ अब्जांवर आले. गिऱ्हाईक ब्राझीलकडे गेले आणि पुढे बरेचसे तिथेच रमले. अमेरिकी सरकारने मात्र आपल्या शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. २०२५ मध्ये पुन्हा तेच भांडण, डिसेंबरात पुन्हा १२ अब्ज डॉलरची मदत. भांडण सरकारचे, तर भरपाईही सरकारची, हे तिथे मानले गेले.

(अशी शुल्के किती चिवट असतात पाहा. १९६० च्या दशकात युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर शुल्क वाढवले, म्हणून अमेरिकेने छोट्या मालट्रकवर २५ टक्के लावले. कोंबड्यांचा वाद लोक विसरले, ट्रकवरचे शुल्क साठ वर्षांनंतरही टिकून राहिले.)

आता आपल्या कापसाकडे या. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावले. या वेळी आपण जशास तसे केले नाही. उलट कापड गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरवर नेली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसासमोर बाहेरच्या गाठी बिनशुल्काच्या उभ्या. गिरणी जगली पाहिजे हे खरंच, पण गिरणीला दिलेली सवलत कोणाच्या खिशातून गेली, हेही सांगायला हवे होते. लढलो तरी किंमत शेतकरी मोजतो आणि न लढलो तरी तोच.

म्हणून माझे मत असे, की प्रत्युत्तराचे शुल्क हे पीक वाचवायचे औषध नव्हे, ते सौद्यातले वजन आहे. तोच माल दुसरीकडून मिळत असेल, पुढे बोलणी व्हायची शक्यता असेल आणि आपल्या ज्या शेतकऱ्याला झळ बसणार त्याची तजवीज आधी केलेली असेल, तर ते जरूर वापरावे. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीत पाहिल्या जातात. तिसरीची मागणी आपल्याकडूनच जायला हवी, ग्रामसभेच्या ठरावातून, बाजार समितीतून.

तोवर शुल्काची बातमी वाचून पेरा बदलू नका, कारण पीक हाती येईपर्यंत ते शुल्क राहीलच याचा भरवसा नाही. भाव पडला तर उरतो तो हमीभाव. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला तो ८,११० रुपये आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता. पण केंद्रावर नोंदणीला गेल्यावर सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली की शेतकरी हात हलवत परत येतो. तेव्हा ई-पीक पाहणी मुदतीत झाली की नाही, हे गावकामगारांनी घरोघर विचारावे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची नोंद शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून करून घेता येते.