मामा गावी गेले की तुमची कंपनी कुठल्या पायरीवर असते?

भोसरीत एका शीटमेटलच्या युनिटमध्ये गेलो होतो. पंचवीसेक माणसं, हाताला भरपूर काम. मालक म्हणाले, "सर, आपली सिस्टीम एकदम सेट आहे. पाचपैकी चार तरी द्याच." भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट, कपाटात जाडजूड फाइल. (फाइलवर धूळ होती, पण ते जाऊ द्या.)

हे 'पाचपैकी' कुठून आलं? १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरची कामं वेळेत मिळत नव्हती. कोणती कंपनी काम पेलेल हे ओळखायला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत वॉट्स हम्फ्री आणि त्यांच्या टीमने पाच पायऱ्या मांडल्या. १९९१ मध्ये ते मॉडेल सीएमएम नावाने आलं. आपल्या आयटी कंपन्या 'लेव्हल फाइव्ह' म्हणून मिरवायच्या, ते हेच.

पहिल्या पायरीवर सगळं माणसांच्या जिवावर. दुसरीवर एक ऑर्डर नीट पार पडली की पुढचीही तशीच जमते. तिसरीवर पद्धत लिहिलेली आणि अख्ख्या कंपनीत एकच. चौथीवर आकडे बोलतात, पाचवीवर त्या आकड्यांवरून सुधारणा चालूच राहते. मधली पायरी गाळून वर गेलं की टिकत नाही.

मी लगेच मार्क दिले नाहीत. तिघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला: पत्र्याचा लॉट आला आणि जाडी कमी वाटली, तर काय करता?

स्टोअरवाला म्हणाला, परत पाठवतो. सुपरवायझर म्हणाला, शेठना फोन लावतो. ऑपरेटर म्हणाला, "जाडी आमचे मामा हात लावून सांगतात."

मामा म्हणजे एकोणीस वर्षं जुने कारागीर. ते पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते, आणि नेमका त्याच आठवड्यात आलेल्या पत्र्याचे पार्ट कस्टमरने परत पाठवले होते. फाइलमध्ये इनवर्ड इन्स्पेक्शनचा फॉर्म होता की! मायक्रोमीटरच्या रीडिंगचा रकाना तेवढा कोरा.

"म्हणजे आम्ही एकवर?" मालकांचा चेहरा उतरला. एकवरच. मामा असताना दीड म्हणावंसं वाटतं, पण या मॉडेलमध्ये अर्धी पायरी नसते.

मालकांनी एकच काम हातात घेतलं, ते मला आवडलं. मामांना बसवून पत्रा तपासायची पद्धत अर्ध्या पानावर लिहून घेतली आणि स्टोअरच्या दाराला चिकटवली. दोन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. स्टोअरवाल्याचं आणि सुपरवायझरचं उत्तर जुळलं. ऑपरेटर नवा होता, सोमवारीच लागलेला. त्याने दाराकडे बोट दाखवलं.